ठिगळ लावताना फाटले तर?

संगणक काल संध्याकाळी बरा चालत होता. आज सकाळी सुरू केला, तर पडद्यावर सूचना आली की सुधारणा बसवण्याचे काम चालू आहे, यंत्र बंद करू नका. पंधरा मिनिटे गेली, अर्धा तास गेला. मग पडदा काळा झाला, उजळला, पुन्हा काळा झाला. समोर तीस मुले बसलेली आणि संगणक मात्र काही केल्या पूर्ण जागा होत नाही. शाळेच्या संगणक कक्षात काम करणाऱ्या अनेक शिक्षकांनी हा प्रसंग एकदा तरी अनुभवला असेल. अशा वेळी आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, "कुणी हात लावला होता याला?" खरे तर कुणीच लावलेला नसतो. यंत्र सुधारावे म्हणून जे पाठवले गेले, त्यानेच ते बिघडवलेले असते.

सुधारणेतून बिघाड होण्याचा इतिहास संगणकाच्या इतिहासाइतकाच मनोरंजक आहे. या लेखात आपण त्यातील काही प्रसंग पाहणार आहोत. एक प्रसंग टेलिफोनच्या जाळ्यात घडला, दोन मंगळावर घडले, आणि एक अगदी अलीकडे, जगभरातल्या विमानतळांवर व रुग्णालयांत घडला. प्रसंग वेगवेगळे असले तरी प्रत्येकाला आपण एकच प्रश्न विचारू या : बिघाडापर्यंत पोचून तो दुरुस्त करण्याची वाट शिल्लक राहिली होती का?

कागदाचे ठिगळ

आज आज्ञावलीतील छोट्या दुरुस्तीला 'पॅच' म्हणतात. पॅच म्हणजे ठिगळ. हा शब्द अलंकारिक वाटतो, पण एकेकाळी ते खरोखरच ठिगळ होते. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १९४४ साली 'मार्क १' हे प्रचंड गणकयंत्र काम करू लागले. त्याला द्यायच्या आज्ञा कागदी पट्टीवर भोके पाडून लिहिलेल्या असत. भोक असणे व नसणे यांतूनच यंत्राला अर्थ कळे. एखादे भोक चुकीच्या जागी पडले, तर त्यावर कागदाचा तुकडा चिकटवायचा आणि हवे तेथे नवे भोक पाडायचे. चूक मोठी असेल, तर पट्टीचा तेवढा भाग कापून नवा जोडायचा. जुन्या कपड्याला लावतात तसेच हे ठिगळ होते.

याच विद्यापीठातील पुढच्या 'मार्क २' या यंत्रात ९ सप्टेंबर १९४७ रोजी एका रिलेत अडकलेला पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटपट्टीने लावून ठेवला गेला. आज्ञावलीतील दोषाला 'बग' म्हणजे किडा म्हणण्याची पद्धत या पतंगापासून सुरू झाली असे अनेकदा सांगितले जाते. ते बरोबर नाही. यंत्रातील दोषाला 'बग' म्हणण्याची पद्धत एडिसनच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकापासून होती. हार्वर्डमधील मंडळींना गंमत वाटली ती या वेळी खराखुरा किडा सापडला याची.

कागदी ठिगळाचे दोन गुण येथे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. एक म्हणजे ते डोळ्यांना दिसे. दुसरे म्हणजे ते एकाच यंत्राच्या एकाच पट्टीला लागलेले असे. ठिगळ चुकले, तर काढून टाकता येई. हे दोन्ही गुण पुढे हळूहळू नाहीसे झाले. दुरुस्ती तारेवरून जाऊ लागली, मग रेडिओलहरींवरून, आणि शेवटी एकाच क्षणी लाखो यंत्रांवर. सोय वाढली तशी जोखीमही वाढली.

एका 'सोडा'ची किंमत

१५ जानेवारी १९९०, सोमवार. अमेरिकेतील एटी अँड टी या कंपनीचे दूर अंतराच्या टेलिफोनचे जाळे न्यू जर्सी राज्यातील बेडमिन्स्टर येथील नियंत्रण केंद्रातून पाहिले जाई. दुपारी अडीचच्या सुमारास तेथील पडद्यांवर एकामागून एक लाल खुणा उमटू लागल्या. देशभर पसरलेली कंपनीची ११४ मोठी संगणकीकृत टेलिफोन केंद्रे बंद पडत होती, सुरू होत होती आणि पुन्हा बंद पडत होती. हा गोंधळ नऊ तास चालला. त्या काळात जवळजवळ निम्मे कॉल लागले नाहीत. न लागलेल्या कॉलची संख्या सात कोटींच्या आसपास होती. कंपनीचे नुकसान सहा कोटी डॉलरहून अधिक झाले. कुणी घातपात केला असावा, अशी शंकाही घेतली गेली. घातपात मुळीच नव्हता. महिनाभरापूर्वी, डिसेंबर १९८९ मध्ये, कंपनीने स्वतःच सर्व ११४ केंद्रांत आज्ञावलीची सुधारित आवृत्ती बसवली होती.

नेमके काय झाले, हे समजून घेण्यासाठी जाळ्याची रीत पाहू. एखाद्या केंद्रात किरकोळ दोष आढळला, की ते स्वतःला बंद करून पुन्हा सुरू करी. याला आपण पुनरारंभ म्हणू. त्याला चार ते सहा सेकंद लागत. बंद होण्यापूर्वी केंद्र शेजाऱ्यांना कळवी, 'तूर्त माझ्याकडे कॉल पाठवू नका.' पूर्वीच्या पद्धतीत परत आल्यावर ते 'मी आलो' असा वेगळा निरोप देई. सुधारित आवृत्तीत हा निरोप वाचवला होता. परतलेल्या केंद्राकडून नवा कॉल आला, की शेजाऱ्याने समजून घ्यायचे, 'हा परत आला', आणि आपल्या नोंदीत तशी दुरुस्ती करायची. काम लवकर व्हावे, हाच हेतू होता.

त्या सोमवारी न्यूयॉर्कच्या केंद्रात एक छोटा दोष निर्माण झाला. केंद्राने नेहमीप्रमाणे पुनरारंभ केला. परत येताच त्याने साचलेले कॉल भराभर पाठवायला सुरुवात केली. शेजारच्या केंद्राला पहिला निरोप मिळाला आणि ते नोंद बदलू लागले. एवढ्यात, सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागाच्या आत, दुसरा निरोप येऊन थडकला. नवी आज्ञावली नेमकी याच क्षणी चुके. ती एका माहितीवर दुसरी माहिती लिहून टाकी. केंद्राची स्वतःची तपासणी यंत्रणा चोख होती. माहिती बिघडली हे तिला लगेच कळे आणि ती केंद्राला पुनरारंभ करायला लावी. ते केंद्र परत आले, की तेही साचलेले कॉल भराभर पाठवी, आणि त्याचे शेजारी याच प्रकारे कोसळत. बरा होऊन उठणारा प्रत्येक रोगी आपल्या शेजाऱ्याला आजारी पाडत होता. पर्यायी व्यवस्था होती, पण तिच्यातही हीच आज्ञावली होती. त्यामुळे तिचा उपयोग झाला नाही.

मुळातला दोष 'सी' या संगणकीय भाषेतील एका शब्दाचा होता. तो शब्द 'ब्रेक', म्हणजे 'सोडा'. संगणक न शिकलेल्यालाही तो कळावा, म्हणून शाळेच्या कार्यालयातले उदाहरण घेऊ. मुख्याध्यापकांनी लिपिकाला लेखी सूचना दिली : 'टपाल आले की त्याची आवक वहीत नोंद करावी. वही जागेवर नसेल तर कोऱ्या कागदावर लिहून सोडावे. त्यानंतर पत्र ज्याचे त्याला पोचवावे.' मुख्याध्यापकांच्या मनात 'सोडावे' म्हणजे वहीचा प्रश्न सोडावा आणि पुढचे काम करावे. लिपिकाने मात्र 'सोडावे' म्हणजे टपालाचे सगळे कामच सोडावे, असे घेतले. वही जागेवर असते तेव्हा काहीच बिघडत नाही. वर्षातून एखादे दिवशी वही सापडत नाही, आणि त्याच दिवशी महत्त्वाचे पत्र टेबलावर पडून राहते.

'सी' भाषेत 'इफ' म्हणजे 'जर' आणि 'स्विच' म्हणजे अनेक पर्यायांतून एक निवडणारी रचना. 'स्विच'च्या पोटात 'इफ' आणि त्याच्या पोटात 'ब्रेक' लिहिला, तर संगणक 'इफ'मधून नव्हे, तर सगळ्या 'स्विच'मधून बाहेर पडतो. लिहिणाऱ्याच्या मनात एक होते, भाषेचा नियम दुसरा होता. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य शुद्ध होते, म्हणून आज्ञावली तपासणाऱ्या यंत्रणेने तक्रार केली नाही. दोन निरोप शंभरांश सेकंदाच्या आत येण्याचा योग यायला महिना लागला.

आता दुरुस्तीकडे पाहू. पहिले काही तास अभियंत्यांनी नेहमीचे उपाय केले, म्हणजे केंद्रांना पुन्हा सुरू केले. पण येथे रोग पसरत होता तोच मुळी पुन्हा सुरू होण्यातून! शेवटी त्यांनी केंद्रांमधील निरोपांची वर्दळच कमी केली. दोन निरोपांत अंतर पडू लागले, तसे कोसळणेही थांबले. रात्री साडेअकराच्या सुमारास जाळे शांत झाले. तोपर्यंत मूळ दोष कुणाला सापडलेला नव्हता. तो नंतर प्रयोगशाळेत शोधला गेला, आणि दरम्यान केंद्रांत जुनी आवृत्ती परत बसवली गेली. दुरुस्तीचा हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी हानी थांबवायची, मग चालत असलेल्या जुन्या स्थितीवर परत जायचे, आणि मग कारण शोधायचे. कारण सापडेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे नाही.

पुढच्याच वर्षी, १९९१ च्या जून-जुलैमध्ये, वॉशिंग्टन, लॉस एंजेलिस आणि इतर काही शहरांतील टेलिफोन अशाच कारणाने बंद पडले. या वेळी निरोपांची वाटणी करणारी यंत्रे डीएससी कम्युनिकेशन्स या कंपनीची होती. लक्षावधी ओळींच्या आज्ञावलीत मोजून तीन-चार ओळी बदलल्या होत्या. बदल एवढा लहान, म्हणून पूर्ण चाचणी घेतली नव्हती. बदल किती ओळींचा आहे, यावरून त्याचा परिणाम किती मोठा होईल हे ठरत नाही. गणितात एका चिन्हाने उत्तर उलटे होते, हे आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असतेच.

मंगळावर ठिगळ

टेलिफोन केंद्रापर्यंत निदान माणूस जाऊ शकतो. जेथे माणूस जाऊच शकत नाही, तेथे काय?

व्हायकिंग १ हे यान २० जुलै १९७६ रोजी मंगळावर उतरले. ते नव्वद दिवस काम करील असे धरले होते, प्रत्यक्षात ते सहा वर्षांहून अधिक काळ काम करत राहिले. त्याच्या संगणकाची स्मृती सुमारे १८ हजार शब्दांची होती. आजचे साधे छायाचित्रसुद्धा तीत मावणार नाही. वयोमानाने यानाच्या विद्युतघटांची क्षमता घटत चालली होती. म्हणून नोव्हेंबर १९८२ मध्ये पृथ्वीवरून घट भारित करण्याची नवी आज्ञावली पाठवण्यात आली. ती स्मृतीत ज्या जागी जाऊन बसली, तेथे अँटेना कोणत्या दिशेला वळवायचा याची माहिती होती. ती पुसली गेली. अँटेना पृथ्वीकडे वळेनासा झाला आणि संपर्क तुटला. पुढील काही महिने प्रयत्न झाले, पण यानाचा आवाज पुन्हा ऐकू आला नाही.

चूक मोठी नव्हती. पृथ्वीवरच्या यंत्रात ती झाली असती, तर तासाभरात सुधारली असती. पण येथे पुसली गेली ती दुरुस्तीची वाटच. अँटेनाची माहिती पुन्हा पाठवायची, तर ती ऐकायलाही अँटेनाच हवा. आडात पडलेल्याला वर काढायचा दोर आडातच पडावा, तसे हे झाले.

याच्या उलट गोष्ट 'स्पिरिट' या बग्गीची. ती जानेवारी २००४ च्या आरंभी मंगळावर उतरली. २१ जानेवारीला तिच्याशी नीट संपर्क होईना. मधूनमधून तुटक संदेश येत. त्यावरून कळले, की तिचा संगणक पुन्हा पुन्हा पुनरारंभ करतो आहे. असे साठहून अधिक वेळा झाले. त्यामुळे ती रात्रीही झोपत नव्हती आणि विद्युतघट रिकामे होत होते. हातात फार वेळ नव्हता.

कारण शोधताना अभियंत्यांचे लक्ष तिच्या फ्लॅश स्मृतीकडे गेले. वीज गेली तरी माहिती टिकवून ठेवणारी ही स्मृती. प्रवासात असताना बग्गीत नवी आज्ञावली भरली होती, पण जुन्या आज्ञावलीच्या फायली तशाच राहिल्या होत्या. त्यांत मंगळावर रोज नव्या फायलींची भर पडत होती. जुन्या फायली काढून टाकणारी एक आज्ञावली बिघाडाच्या काही दिवस आधी पाठवली होती, पण तिचा एक भाग नीट पोचला नव्हता. तो पुन्हा पाठवायचे ठरले, आणि त्याच्या आदल्या दिवशी बिघाड झाला. संगणक सुरू होताना सर्व फायलींची यादी आपल्या कामाच्या स्मृतीत मांडी. यादी इतकी लांबली होती, की तिला तेथे जागा पुरेना. जागा पुरेना म्हणून पुनरारंभ, पुनरारंभ झाला की पुन्हा तीच यादी, आणि पुन्हा जागेची अडचण.

मग 'स्पिरिट' वाचली कशी? तिच्या रचनाकारांनी एक आडवाट राखून ठेवली होती. फ्लॅश स्मृतीला अजिबात हात न लावता सुरू हो, अशी एक विशेष आज्ञा तिला देता येई. दोन पुनरारंभांच्या मधल्या थोड्या अवधीत ती आज्ञा पोचवायची होती, आणि पृथ्वीवरून निघालेला संदेश मंगळावर पोचायलाच सुमारे दहा मिनिटे लागत. आज्ञा पोचली. बग्गी पांगुळलेल्या अवस्थेत का होईना, पण शांतपणे जागी झाली. मग जुन्या फायली पुसल्या गेल्या, पुढे फ्लॅश स्मृती नव्याने आखली गेली आणि फेब्रुवारीत 'स्पिरिट' पुन्हा कामाला लागली. नव्वद मंगळदिवसांसाठी पाठवलेल्या या बग्गीशी शेवटचा संपर्क झाला तो मार्च २०१० मध्ये.

'व्हायकिंग'मध्ये दुरुस्तीची वाट बिघडलेल्या भागातूनच जात होती. 'स्पिरिट'मध्ये ती त्याला वळसा घालून जात होती. दोघांच्या नशिबातला फरक एवढाच.

पायी केलेली दुरुस्ती

हीच आडवाट आपल्या टेबलावरच्या संगणकातही असते. विंडोज ९५ पासून तिला 'सेफ मोड' म्हणतात. या अवस्थेत संगणक अत्यावश्यक तेवढेच भाग घेऊन सुरू होतो. नंतर बसवलेले बाकीचे सारे बाहेर ठेवतो. २००० साली आलेल्या विंडोज एमई या आवृत्तीत 'सिस्टिम रिस्टोअर' ही सोय आली. एखादा बदल करण्यापूर्वीची स्थिती नोंदवून ठेवायची आणि गरज पडली तर तिच्यावर परत जायचे. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून काही मोबाइल फोनांत कार्यप्रणालीच्या दोन प्रती ठेवण्याची पद्धत आली. सुधारणा दुसऱ्या प्रतीत बसते, आणि ती सुरू झाली नाही तर फोन पहिल्या प्रतीवर परततो. जुनी कागदी पट्टी जपून ठेवावी, तसेच हे आहे.

इतकी तयारी असूनही १९ जुलै २०२४ चा शुक्रवार उजाडला. क्राउडस्ट्राइक ही कंपनी संगणकांना विषाणू व घुसखोरांपासून वाचवणारी आज्ञावली पुरवते. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी तिने आपल्या ग्राहकांच्या विंडोज संगणकांना एक छोटी फाइल पाठवली. नव्या धोक्यांची लक्षणे सांगणाऱ्या अशा फायली ती नेहमीच पाठवत असे. या वेळी मात्र संगणक कोसळून पडदे निळे झाले. ७८ मिनिटांत कंपनीने ती फाइल मागे घेतली. तोवर, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख संगणक आडवे झाले होते. विंडोजवर चालणाऱ्या एकूण यंत्रांच्या हा एक टक्काही नव्हता. पण ती यंत्रे विमान कंपन्या, बँका, रुग्णालये आणि वृत्तवाहिन्या यांची होती. मुंबईसह आपल्या देशातील अनेक विमानतळांवर रांगा लागल्या, आणि काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले.

दोष कोणता होता? एक तक्ता होता २१ रकान्यांचा, आणि तो भरणारी आज्ञावली माहिती पुरवत होती २० रकान्यांची. आधीच्या फायलींत एकविसाव्या रकान्यासाठी 'येथे काहीही चालेल' असे लिहिलेले असे. त्यामुळे तेथे डोकावण्याची वेळच आली नव्हती. त्या शुक्रवारच्या फायलीने प्रथमच एकविसाव्या रकान्यात पाहायला सांगितले. संगणक तेथे गेला, तर ती जागा त्याची नव्हतीच. साध्या आज्ञावलीकडून असे झाले असते, तर तेवढी आज्ञावली बंद पडली असती. पण संरक्षण करणारी ही आज्ञावली कार्यप्रणालीच्या गाभ्यात बसलेली होती. गाभ्यात चूक झाली, की सगळे यंत्र थांबते. शिवाय ती संगणक सुरू होतानाच जागी होत असे. म्हणून पुन्हा सुरू केले तरी पुन्हा तेच. मंगळावरच्या बग्गीसारखेच हे चक्र होते.

आता आपला प्रश्न विचारू. दुरुस्तीची वाट शिल्लक होती का? होती, पण ती पायवाट होती. चांगली फाइल जाळ्यावरून पाठवता येत होती, पण ती घ्यायला संगणक जागा तर राहिला पाहिजे! काही यंत्रे पुन्हा पुन्हा सुरू केल्यावर कोसळण्याच्या आत चांगली फाइल उतरवून घेत आणि वाचत. मायक्रोसॉफ्टने आपल्या अझुर सेवेतील यंत्रांसाठी असे पंधरा वेळांपर्यंत करून पाहायला सांगितले होते. बाकीच्यांसाठी उपाय एकच होता. माणसाने यंत्रापाशी जायचे, ते सेफ मोडमध्ये सुरू करायचे, क्राउडस्ट्राइकच्या कप्प्यातील २९१ क्रमांकाची फाइल शोधून पुसायची आणि यंत्र पुन्हा सुरू करायचे. एका यंत्राला काही मिनिटे पुरत. पण हजारो यंत्रे असलेल्या संस्थेचे काय? त्यातच अनेक संगणकांच्या तबकड्या कुलूपबंद केलेल्या होत्या. त्या उघडायला ४८ अंकांची किल्ली लागे, आणि काही ठिकाणी ही किल्लीही बंद पडलेल्या संगणकातच ठेवलेली होती. व्हायकिंगचा आड आणि दोर येथे पुन्हा भेटतो.

बहुतेक सर्व यंत्रे सुरू व्हायला दहा दिवस लागले. त्यानंतर कंपनीने अशा फायली एकदम सर्वांना न पाठवता टप्प्याटप्प्याने पाठवण्याचे ठरवले. पूर्वी कोळशाच्या खाणीत कॅनरी पक्षी नेत. विषारी वायूचा परिणाम त्याच्यावर आधी दिसे आणि माणसांना बाहेर पडायला वेळ मिळे. तसे आधी थोड्या यंत्रांना पाठवायचे, वाट पाहायची, आणि मग पुढच्यांना. ही पद्धत आज्ञावलीच्या जगात आधीपासून माहीत होती. 'ही तर नुसती माहितीची फाइल, आज्ञावली नव्हे' असे समजून या फायलींना ती लावली नव्हती, एवढेच.

शाळेच्या संगणक कक्षात

एवढा इतिहास वाचून कुणी म्हणेल, मग सुधारणा बसवूच नयेत. हा निष्कर्ष बरोबर नाही. बहुतेक सुधारणा सापडलेले दोष बुजवण्यासाठीच असतात, आणि ते उघडे ठेवणे अधिक धोक्याचे असते. प्रश्न बसवायच्या की नाही असा नसून, बसवताना परतीची वाट राखली आहे का, असा आहे.

शाळेपुरते बोलायचे तर काही गोष्टी सहज करता येतील. कक्षात दहा संगणक असतील, तर सुधारणा आधी एकावर बसवावी, दोन-तीन दिवस वापरून पाहावे, मग बाकीच्यांवर. परीक्षेच्या किंवा निकालपत्रे करण्याच्या आठवड्यात हे काम काढूच नये. महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. तबकडीला कुलूप असेल, तर त्याची किल्ली कागदावर लिहून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावी.

आणि तरीही संगणक बिघडलाच, तर घाईने पुन्हा पुन्हा बटण दाबू नये. पडद्यावरचा मजकूर जसाच्या तसा वहीत उतरवून घ्यावा. बिघाडाआधी शेवटचा बदल कोणता झाला, हे आठवावे. सेफ मोडमध्ये सुरू होतो का पाहावे. होत असेल, तर शेवटची सुधारणा काढून टाकावी, किंवा पूर्वी नोंदवलेल्या स्थितीवर परत जावे. सगळे पुसून नव्याने भरणे हा शेवटचा उपाय. तो करण्यापूर्वी मुलांचे काम दुसरीकडे काढून घ्यावे. अशा वेळी मुलांना बाहेर न पाठवता भोवती उभे करावे. यंत्र बिघडल्यावर माणूस पायरीपायरीने कसा विचार करतो, हे त्यांना एरवी फारसे पाहायला मिळत नाही.

१९९० चा टेलिफोनचा गोंधळ वर्गातही करून पाहता येतो. दहा मुलांना गोलात उभे करावे. प्रत्येक मूल म्हणजे एक केंद्र. नियम असा : शेजाऱ्याने लागोपाठ दोन टपल्या मारल्या, की खाली बसायचे, पाच आकडे मोजायचे, उठायचे आणि उठताच दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना लागोपाठ दोन-दोन टपल्या मारायच्या. बसलेल्याला टपली लागत नाही. एका मुलाला बसवून खेळ सुरू करावा. थोड्याच वेळात सारा गोल उठबस करू लागेल आणि थांबणार नाही. मग कुणालाही दोष शोधायला न लावता एवढाच नियम बदलावा, की दोन टपल्यांमध्ये दहा आकड्यांचे अंतर हवे, आणि अशी सुटी टपली लागली तर बसायचे नाही. गोल शांत होईल. त्यानंतर मुलांना विचारावे, रोग बरा झाला की नुसता थांबला? याचे उत्तर ती आपसांत वाद घालून शोधतील. बेडमिन्स्टरच्या अभियंत्यांना त्या रात्री साडेअकरानंतर हाच प्रश्न सोडवायला बसावे लागले होते.